टाळ्या लावणीला, मान कुणाला?

मैत्रिणींनो, महिला मंडळात लावणी सुरू झाली की अमरावती काय अन् अकोला काय, आपण हौसेनं टाळ्या वाजवतो. पण ती लिहिणाऱ्याचं काय झालं? १८६६ साली रेठरे हरणाक्षला जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशात गेले अन् पठ्ठे बापूराव झाले. ब्राह्मण शाहीर अन् महार समाजातली पवळा एका फडात, हे समाजाला रुचलं नाही. लावण्या लोकांनी डोक्यावर घेतल्या, पण १९४५ साली बापूराव गेले ते गरिबीतच. त्यांचं निदान नाव तरी उरलं. पवळा किती जणींना ठाऊक आहे? म्हणून म्हणते, मंडळात लावणी कलावंत बोलावली तर मानधन आधी ठरवा, तिला आपल्याच पंगतीत जेवायला बसवा. नुसत्या टाळ्यांनी पोट भरत नाही, बाई!