परक्या यंत्रावर आपले बिऱ्हाड

दहावीतील एका विद्यार्थ्याने मागील सत्रात आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर वर्गात दोन वाक्यांत देता आले नाही, म्हणून ते येथे लिहीत आहोत. त्याचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत व कारखान्याचा लॅपटॉप सायंकाळी घरी येतो. त्यास आपला पेनड्राइव्ह लावून त्यावरील लिनक्स चालविले, आणि काम आटोपताच तो काढून घेतला, तर त्यात गैर ते काय? आतील डिस्कला तर आपण स्पर्शही करीत नाही!

युक्ती मोठी मौजेची आहे, हे आम्ही प्रथमच कबूल करतो. संगणक सुरू होताच त्यातील फर्मवेअर एवढेच पाहते की, ऑपरेटिंग सिस्टिम कोठून उचलावयाची. ती बहुधा आतील डिस्कवरून येते. पण बाहेरूनही येऊ शकते. आपल्या शहरातील पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे चटकन उमजेल. जाते तेथलेच, परंतु ते फिरविणारे पाणी दूरच्या डोंगरातील झऱ्यावरून नळांनी आणलेले. क्लाउस नॉपर या जर्मन गृहस्थाने २००० साली केवळ सीडीवरून चालणारे 'नॉपिक्स' प्रसिद्ध केले. मायक्रोसॉफ्टनेही २०१२ मध्ये 'विंडोज टू गो' या नावाने नोकरदारांसाठी अशीच सोय काढली होती. २०२० मध्ये ती बंद झाली.

आता 'स्पर्शही करीत नाही' याविषयी. डिस्क सांकेतिक कुलपात नसेल, तर बाहेरून आलेली सिस्टिम विंडोजचा पासवर्ड न विचारताच आतील सर्व फायली उघडू शकते. बिघडलेल्या यंत्रातून कागदपत्रे वाचविण्यास हा गुण फार उपयोगी आहे. पण मालकास भीती वाटते ती नेमकी याचीच. शिवाय कार्यालयाने बसविलेली विषाणुरोधक व्यवस्था या वेळी निजलेली असते.

आणि डिस्क कुलपात असेल तर? येथे आमचीच फजिती सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी, एका सहामाहीच्या ऐन निकालाच्या आठवड्यात, कचेरीतील संगणकावर आम्ही कोणास न विचारता हाच प्रयोग केला व त्यासाठी 'सिक्युअर बूट' बंद केले. दुसऱ्या दिवशी यंत्राने ४८ अंकी किल्ली मागितली. ती कोणापाशी आहे हे सापडेपर्यंत दोन दिवस गेले, आणि एका संपूर्ण वर्गाचे गुण आत अडकून पडले. पालक फाटकापाशी विचारीत होते, आणि कारण ठाऊक असलेला मनुष्य खडू हाती घेऊन फळ्याकडे तोंड करून उभा होता.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचे ४३ वे कलमही वडील मंडळींनी पाहून ठेवावे. मालकाच्या किंवा यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे त्यात येते. यंत्र घरी नेण्याची मुभा म्हणजे त्यावर वाटेल ते चालविण्याची मुभा नव्हे.

तथापि नोकरदाराची बाजू आम्हांस अगदीच पोकळ वाटत नाही. जे कार्यालय रात्री नऊ वाजताही पत्राचे उत्तर अपेक्षिते, त्याच्या नोकराने आपले खाजगी पत्र त्या यंत्राच्या नजरेबाहेर लिहू पाहिले, तर तो चोर खचित नव्हे. त्याची गरज न्याय्य आहे. मार्ग तेवढा चोरटा. वडिलांनी संगणक विभागास लेखी विचारावे. नकार आला तर तो पाळावा, आणि घरी जुना लॅपटॉप पडला असेल त्यावर हे बिऱ्हाड खुशाल थाटावे. मंदावलेल्या यंत्रास लिनक्सने पुन्हा चालते केलेले आम्ही पाहिले आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' लिनक्स तर मराठीतही चालते.

त्या मुलाच्या वडिलांनी विचारले, व नकारच आला. मुलगा हिरमुसला. मग मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही त्यास शनिवारी प्रयोगशाळेतील एक निकामी ठरविलेला संगणक दिला. पहिला शनिवार यंत्र कोणत्या कळीने पेनड्राइव्ह पाहते, हे शोधण्यातच गेला.