जुनी गाडी आणि जुनी भीड

‘जुनें तें सोनें’ ही म्हण ज्या कोणीं प्रचारांत आणली, त्यानें जुनी मोटारगाडी विकत घेतलेली नसावी. आम्हीं ती घेतली, आणि तिच्यापायीं चौदा महिने जो व्याप केला त्याची हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों. हकीकत मोठीशी अभिमानाची नाहीं. परंतु आमच्यासारख्याच एखाद्या घरांत आज असाच सौदा ठरत असेल, आणि तेथेंहि आमच्यासारखीच चूक होऊं घातली असेल, म्हणून ती लिहिण्याचें मनांत आणलें.

घरांत लहानथोर मिळून नऊ माणसें. आईंचें वय एक्याऐंशी, गुडघे धरलेले; एस. टी.ची पायरी चढणें त्यांना होत नाहीं, आणि माहेर तर गुहागरचें. तेव्हां सात माणसांची एखादी गाडी दारांत असावी असें ठरलें. नवी घेण्याची ऐपत नव्हती. दादांनीं आपल्या निवृत्तीच्या पैशांतून ४,८५,००० रुपये बाजूस काढले. पुण्यांतील जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे पांढऱ्या रंगाची, रत्नागिरीस नोंदलेली, ४६,००० किलोमीटर चाललेली अशी एक गाडी मिळाली. व्यापारी गृहस्थ तोंडाचे गोड. बोलतां बोलतां त्यांचें मूळ गांव गुहागरजवळचें निघालें. झालें! आईंनीं ‘तुम्ही कोणाकडचे?’ म्हणून विचारलें, दोन घरांचीं नांवें जुळलीं, गाडी दाखवावयास आलेल्या त्या गृहस्थांच्या हातावर बेसनाचा लाडू पडला, आणि त्या लाडवाबरोबर आमची सगळी सावधगिरी त्यांच्या पोटांत गेली.

एकटी सूनबाई, म्हणजे आमच्या पुतण्याची पत्नी, सावध होती. तिनें आदल्या रात्रीं व्यापाऱ्यास व्हॉट्सॲपवर चार प्रश्न लिहून पाठविले: गाडी कधीं पुराच्या पाण्यांत गेली होती काय? अपघात? किलोमीटरचा आंकडा खरा काय? कर्ज शिल्लक आहे काय? उत्तर आलें, ‘पाण्यांत नाहीं, अपघात नाहीं, आंकडा खरा, कर्ज नाहीं. काळजी नको, ताई.’ ही गोष्ट दादांच्या कानीं गेली तेव्हां ते तिच्यावर रागावले. ‘‘अग, गांवचा माणूस. घरीं येऊन लाडू खाऊन गेला. त्याला पोलिसासारखे प्रश्न विचारतेस? काय म्हणेल तो!’’ सूनबाई गप्प बसली. आम्हींहि दादांचीच री ओढली, हें येथें कबूल केलें पाहिजे. २२ एप्रिल २०२३ रोजीं अक्षय्य तृतीया होती. त्या मुहूर्तावर गाडी दारांत आली, तिला हार घातला, पेढे वांटले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यांत आईंच्या भावाचें वर्षश्राद्ध होतें, म्हणून आम्ही गुहागरास निघालों. कुंभार्ली घाटांत, ऐन पावसांत, गाडीचे दिवे, वायपर आणि इंजिन एकदम बंद पडलें. समोर धुकें, मागून ट्रक, आणि आंत एक्याऐंशी वर्षांच्या आई. दोन तास त्यांनीं एक शब्द काढला नाहीं. फक्त हातांतील माळ थांबली नव्हती. शेवटीं क्रेननें गाडी खालीं चिपळुणास नेली. तेथील मिस्त्रीनें आसन काढलें, खालचा गालिचा उचलला, बोट फिरवून आमच्यापुढें धरलें. बोटावर मऊ, करडा गाळ होता. तो म्हणाला, ‘‘काका, ही आमच्या पुरांतली.’’

२२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण शहर बुडालें होतें, हें वाचकांस आठवत असेल. त्या पाण्यांत असंख्य गाड्या गेल्या. मिस्त्रीनें मग आम्हांस एकेक खूण दाखविली. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढला तर आंतल्या हातभर भागावर मातकट रेघ. आसनाखालचे बोल्ट गंजलेले. वायरींच्या जोडांवर हिरवट कीट. मागें जादा चाक ठेवण्याच्या खळग्यांत पुन्हां तोच गाळ. यांपैकीं एकहि गोष्ट पाहावयास विद्वत्ता लागत नाहीं, पांच मिनिटें लागतात. आम्हीं काय पाहिलें होतें? रंग पाहिला, आसनांचीं नवीं कव्हरें पाहिलीं, आणि आरशाला टांगलेल्या अत्तराच्या कुपीचें कौतुक केलें. ती कुपी कशासाठीं होती तें आतां कळलें!

पुढें कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीगृहांतील जुनी नोंद काढली, तेव्हां फेब्रुवारी २०२१ मध्येंच गाडी ८८,००० किलोमीटर चालल्याचें आढळलें. पूर्वीच्या मालकांचा शोध घेतला. ते म्हणाले, विमा कंपनीकडून पैसे घेऊन गाडी आपण केव्हांच भंगारांत दिली. नांव बदलण्याच्या कोऱ्या अर्जांवर सह्या मात्र करून दिल्या होत्या. कोऱ्या कागदावर सही करूं नये हें आपण मुलांना शिकवितों, आणि गाडी विकतांना नेमके विसरतों.

पुण्यास परत आल्यावर आमच्या पुतण्यानें दुकानांत जाऊन आवाज चढविला. त्याचा परिणाम एवढाच झाला कीं त्या गृहस्थांनींहि आवाज चढविला. त्यांचीं उत्तरें दोन होतीं. पहिलें, पावतीच्या पाठीमागें बारीक अक्षरांत ‘जशी आहे तशी’ असें छापलेलें आहे. दुसरें, आपण केवळ मध्यस्थ. गाडी मालकाची, भांडण मालकाशीं करा. घरीं येऊन सर्वजण हताश बसलों. दादांचें जेवण गेलें. पैसे त्यांचे होते, पण आम्हांला वाटतें, पैशांहून त्यांना तो लाडूच अधिक सलत असावा.

आमच्या परिचयाच्या एका वकिलांनीं या दोन्ही उत्तरांचा निकाल पांच मिनिटांत लावला. ते म्हणाले, जुन्या गाडीचा क्लच सहा महिन्यांत गेला तर रडूं नये. ‘जशी आहे तशी’ हे शब्द त्यासाठींच असतात. १९३० चा मालविक्रीचा कायदासुद्धां, ज्यानें माल तपासून घेतला त्याला डोळ्यांना दिसण्याजोग्या दोषाबद्दल तक्रार करूं देत नाहीं. पण माहीत असलेला दोष झांकून ठेवणें, किंवा विचारल्यावर खोटें सांगणें, ही गोष्ट निराळी. १८७२ च्या कराराच्या कायद्यांत तिला कपट म्हटलें आहे, आणि फसलेल्या माणसास तसा करार रद्द करून घेतां येतो. पावतीच्या पाठीवरचे शब्द तेथें कामास येत नाहींत. मध्यस्थाची सबबहि लंगडी. पावती दुकानाची, पैसे दुकानाच्या खात्यांत. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावें लागतें, आणि गाडी त्याच्या ताब्यांत आल्याची रीतसर नोंद करावी लागते. तसें कांहींच येथें नव्हतें. हें सर्व सांगून वकिलांनीं विचारलें, ‘‘तो खोटें बोलला याला पुरावा काय?’’

आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. दादा म्हणाले, ‘‘बोलणें झालें तें तोंडीच. लिहून मागणें बरें दिसलें नसतें.’’ तेव्हां सूनबाईनें उठून आपला फोन वकिलांच्या पुढें ठेवला. त्यांनीं तीं चार उत्तरें दोनदां वाचलीं. दादांनीं चष्मा काढून पुसला व पुन्हां घातला. बोलले कांहींच नाहींत. वकिलांनीं एवढेंच सांगितलें कीं हा फोन विकूं नका, बदलूं नका, संदेश पुसूं नका.

त्यानंतरचें काम शांतपणें झालें. गाडी दुरुस्त करावयाची नाहीं आणि चालवावयाचीहि नाहीं असें पहिल्यांदा ठरलें. चालवीत राहिलें तर गाडी आम्हांस पत्करली असें दिसावें, आणि दुरुस्त केली तर पुरावा जावा. ती झांकून उभी राहिली. आमच्या नेहमींच्या गॅरेजवाल्यानें सर्व दोष तोंडानें सांगितले, पण ‘‘लिहून देत नाहीं, त्यांच्याशीं रोजचें येणेंजाणें आहे’’ असें म्हणून हात झटकले. भीड एकट्या आमच्याच घरांत नाहीं तर! मग एका परवानाधारक विमा सर्व्हेअरास ३,५०० रुपये देऊन छायाचित्रांसह लेखी अहवाल घेतला. पत्राचा पहिला मसुदा पुतण्यानें केला. त्यांत ‘लबाड’, ‘दरोडेखोर’ वगैरे शब्दांची रेलचेल होती. वहिनींनीं तीस वर्षें शाळेंत मराठी शिकविलें आहे. त्यांनीं तांबडी पेन्सिल घेऊन सर्व विशेषणें कापलीं आणि तारखा तेवढ्या ठेवल्या. उरलेलें पत्र एका पानाचें झालें: केव्हां घेतली, किती दिले, काय विचारलें, काय उत्तर आलें, काय आढळलें, आणि पंधरा दिवसांत गाडी परत घेऊन पैसे द्यावेत. तें रजिस्टर टपालानें, पोचपावतीसह धाडलें. (ती सेवा २०२५ मध्यें स्पीड पोस्टांत विलीन झाली आहे, पोचीचा पुरावा तेथेंहि मिळतो.)

उत्तर आलें नाहीं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविली. ते समजूत घालूं शकतात, हुकूम करूं शकत नाहींत, आणि आमचे गृहस्थ समजुतीनें वळणारे नव्हते. तेव्हां ऑक्टोबर २०२३ मध्यें जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. या बाबतींत २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा घरगुती माणसाला बराच सोयीचा आहे. दिलेली किंमत पांच लाखांपर्यंत असेल तर फी नाहीं. पन्नास लाखांपर्यंतचें प्रकरण जिल्ह्यांतच चालतें. आपण राहतों त्या जिल्ह्यांत अर्ज करतां येतो. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत गेलें पाहिजे. अर्ज घरबसल्या संगणकावरूनहि देतां येतो; तेव्हां त्या व्यवस्थेचें नांव ई-दाखिल होतें, १ जानेवारी २०२५ पासून तिची जागा ई-जागृतीनें घेतली. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची परीक्षा करावयाची असल्यास पांच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असें कायदा म्हणतो. आमच्या वांट्यास तारखांवर तारखा आल्या.

शेवटीं उभयतांच्या संमतीनें प्रकरण मध्यस्थीकडे गेलें. तेथें टेबलाच्या दोन बाजूंस बसून तिसऱ्या माणसासमोर बोलावयाचें असतें. त्या गृहस्थांनीं आरंभीं दोन लाख देऊं केले. आमची मागणी पूर्ण किंमतीची आणि वर खर्चाची. मध्यस्थ बाईंनीं त्यांच्यापुढें सर्व्हेअरचा अहवाल व ते चार प्रश्न ठेवले, आणि आमच्यापुढें आणखी दोन वर्षांच्या तारखांचें चित्र. ४,५०,००० रुपयांवर तडजोड झाली. पस्तीस हजार, क्रेनचें भाडें आणि सर्व्हेअरची फी आम्हीं सोडून दिली. पुतण्यास ही हार वाटली. दादा म्हणाले, ‘‘मला झोप पाहिजे.’’

एका गोष्टीवर मात्र आम्ही अडून बसलों. पैसे दोन हप्त्यांत डिमांड ड्राफ्टनें. दुसरा ड्राफ्ट हातीं आल्याशिवाय किल्ली नाहीं. आणि किल्ली देण्यापूर्वीं गाडी आमच्या नांवावरून काढण्याचा अर्ज परिवहन कार्यालयांत दाखल झाला पाहिजे. ज्याचें नांव नोंदींत, तोच मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें एका अपघाताच्या प्रकरणांत स्पष्ट केलें आहे; विकून टाकलेल्या गाडीनें उद्यां कोणास धडक दिली तर नुकसानभरपाई आपल्या दारांत यावयाची. जून २०२४ मध्यें दुसरा ड्राफ्ट मिळाला आणि गाडी गेली. सह्या झाल्यावर ते गृहस्थ बाहेरच्या ओट्यावर सूनबाईस म्हणाले, ‘‘ताई, तुम्हीं तेवढें लिहून विचारलेंत, नाहींतर...’’ आणि वाक्य तसेंच सोडून निघून गेले. आईंनीं घरीं विचारलें, ‘‘त्याला चहा तरी विचारलात काय?’’ कोणींच उत्तर दिलें नाहीं.

त्याच वर्षीं डिसेंबरांत दुसरी गाडी पाहावयास आम्ही निराळ्या व्यापाऱ्याकडे गेलों. या खेपेस सूनबाई पुढें आणि आम्ही मागें होतों. पट्टे ओढून झाले, गालिचे उचलून झाले, दुरुस्तीगृहाची नोंद पाहून झाली. तेव्हां दादांनीं पिशवींतून वहिनींच्या अक्षरांतील एक कागद काढला. त्यावर तेच चार प्रश्न होते आणि खालीं सहीसाठीं जागा. कागद पुढें करतांना त्यांचा चेहरा लाल झाला होता. ‘‘राग मानूं नका, पण...’’ एवढें ते कसेंबसें म्हणाले. त्या व्यापाऱ्यानें कागद वाचला, चारहि प्रश्नांपुढें उत्तरें लिहिलीं, सही केली, शिक्का मारला, आणि तो परत देत विचारलें, ‘‘काका, चहा साखरेचा कीं बिनसाखरेचा?’’