मीनाबाईंचे वेळापत्रक

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका पुस्तकावरून थोडा कलह माजला. आमची नात यंदा कॉलेजात गेली आहे. ती रात्री अकरा अकरा वाजेपर्यंत 'ड्रॅक्युला' नामक इंग्रजी कादंबरी वाचीत बसे. आणि तिच्या आजीचे म्हणणे असे, की असली भुताखेतांची पुस्तके मुलाबाळांच्या घरात नकोत. निवाड्यासाठी पुस्तक आमच्यापुढे आले. अडतीस वर्षे मुलांकडून रूपे व समास घोटवून घेतलेल्या माणसास रक्तपिपासू पिशाचाची कथा रुचेल असे आम्हांस स्वतःलाच वाटले नव्हते. परंतु चार दिवसांत ग्रंथ वाचून संपला आणि निवाडा मात्र तसाच राहिला.

वेताळ आपल्याला नवा नाही. स्मशानातील प्रेतात शिरून विक्रमराजाला पंचवीस कथा ऐकविणारा तो पंडित आपण लहानपणापासून ओळखतो. रिचर्ड बर्टन या इंग्रज गृहस्थाने १८७० साली त्या कथांतील काही स्वैरपणे इंग्रजीत उतरविल्या, तेव्हा 'वेताळ' शब्दास त्याने 'व्हँपायर' हा प्रतिशब्द योजिला. आमच्या मते हा वेताळावर अन्यायच होय. आपला वेताळ न्यायाचे प्रश्न विचारतो; तिकडचा व्हँपायर प्रश्न वगैरे काही विचारीत नाही, थेट गळ्याशी येतो.

या तिकडच्या पिशाचास इतिहासही आहे. सर्बियाचा उत्तर भाग ऑस्ट्रियाच्या अमलाखाली असताना १७२५ साली किसिलोव्हा गावी, आणि पुढे १७३२ च्या सुमारास मेद्वेद्या गावी, मेलेली माणसे रात्री येऊन जिवंतांचे प्राण घेतात अशी हाकाटी झाली. सरकारी अधिकारी व लष्करी वैद्य जाऊन त्यांनी थडगी उकरून पाहिली, प्रेतांच्या ओठांशी रक्त व वाढल्यासारखी नखे दिसली, आणि तसे अहवाल रीतसर लिहून वर पाठविले! ते अहवाल छापले गेले व 'व्हँपायर' हा शब्द युरोपभर झाला. प्रेत कुजताना आतील द्रव तोंडावाटे बाहेर येतो आणि कातडी आखडल्यामुळे नखे लांब दिसतात, एवढाच त्यातील चमत्कार. अखेर १७५५ साली मारिया थेरेसा राणीने आपले राजवैद्य व्हान स्वीटेन यांच्याकरवी चौकशी करवून थडगी उकरण्याचा हा प्रकार कायद्याने बंद केला.

त्याच मुलखातून पुढे शे-सव्वाशे वर्षांनी युरोपातील सर्वांत ऐटदार आगगाडी धावू लागली, हा काळाचा महिमा! जॉर्ज नागेलमाकर्स या बेल्जियन गृहस्थाच्या कंपनीची 'ओरिएंट एक्सप्रेस' ४ ऑक्टोबर १८८३ रोजी पॅरिसहून प्रथम निघाली. निजावयास गाद्या, जेवावयास निराळा डबा, चांदीची उपकरणी, असा तिचा थाट. तथापि तो थाट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत सलग पुरत नसे. बुखारेस्टच्या पुढे डॅन्यूबकाठी गाडी संपे. उतारूंनी नावेतून नदी ओलांडावी, पलीकडे रुस्चुक येथे साधी गाडी पकडून व्हार्ना बंदर गाठावे आणि तेथून आगबोटीने कॉन्स्टँटिनोपलास जावे, असा तो प्रवास होता. सरळ लोहमार्गाने गाडी जाऊ लागली ती १८८९ मध्ये.

ब्रॅम स्टोकर हा आयरिश लेखक लंडनात एका नाटकगृहाचा व्यवस्थापक होता. ट्रान्सिल्व्हानिया त्याने कधी डोळ्यांनी पाहिला नाही. पुस्तके व नकाशे वाचून १८९७ साली कादंबरी लिहिली. तिचे अर्धे बळ आम्हांस पिशाचात दिसले नाही, ते वेळापत्रकात दिसले. सरदार ड्रॅक्युला स्वतः कोचावर पडून इंग्लंडातील आगगाड्यांची मार्गदर्शिका वाचीत असतो! लंडनातून पाठलाग सुरू होताच तो मायभूमीच्या मातीने भरलेल्या पेटीत निजून गलबताने परत फिरतो. मागावरील मंडळी १२ ऑक्टोबरास सकाळी लंडन सोडतात, त्याच रात्री पॅरिसास ओरिएंट एक्सप्रेसमध्ये बसतात आणि १५ तारखेस सायंकाळी पाचच्या सुमारास व्हार्न्यास उतरतात. पिशाच वाऱ्याच्या भरवशावर, माणसे वाफेच्या. त्या मंडळीत पाच पुरुष आणि एक स्त्री आहे. ही मीना हार्कर. आम्ही तिला मीनाबाई म्हणतो.

मीनाबाई लग्नापूर्वी शाळेत मास्तरीण होत्या, हे वाचून आम्हांस साहजिकच आपलेपणा वाटला. त्यांस लघुलेखन येते, टंकयंत्र चालविता येते. सर्वांच्या रोजनिश्या, पत्रे व तारा तारीखवार लावून त्यांनीच नकला केल्या, म्हणून शत्रूची चाल कळली. पुढे ड्रॅक्युलाने मूळ कागद जाळून टाकले, तेव्हा तिजोरीत राहिलेली त्यांची नक्कलच कामास आली. आणि एवढे झाल्यावर ते पाच शहाणे काय ठरवितात? बाईमाणसाच्या मनाला असला ताण सोसावयाचा नाही, म्हणून इतःपर हिला काही सांगावयाचे नाही! प्रोफेसर व्हान हेल्सिंग तर तिची बुद्धी पुरुषासारखी म्हणून स्तुती करतात, आणि त्याच तोंडाने तिला मसलतीतून वगळतात. ती एकटी खोलीत, पुरुष मोहिमेवर. तीन-चार दिवसांत पिशाच तिच्याच उशाशी पोहोचते. रोज सकाळी ती फिकी व थकलेली दिसते. नवऱ्यास वाटते, काळजीने झोप लागली नसेल. तीही घडते ते सांगत नाही, कारण आपण त्यांच्या चिंतेत भर कशाला घालावी, असे तिला वाटते. प्रेमाने झाकलेली गोष्ट दोन्ही बाजूंनी कशी कुजते, हे त्या प्रकरणाइतके स्पष्ट आम्ही क्वचितच वाचले असेल.

येथे आम्ही पुस्तक मिटले व बराच वेळ ओटीवर बसून राहिलो. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे वडील बंधू परगावी नोकरीस होते; ते अत्यवस्थ असल्याचा निरोप दुपारी आला. आम्ही, आमचे काका व धाकटे बंधू यांनी याच ओटीवर बसून ठरविले, की आईला कळू द्यावयाचे नाही. तिचे हृदय दुबळे. कुजबुजत बेत केला, रात्रीच्या मेलने निघालो, आणि आईस लग्नाची बोलणी करावयास जातो असे सांगितले. पोहोचलो तेव्हा बंधूंची वाचा गेली होती. परत आल्यावर सर्व कळले, तेव्हा आई रडली नाही. तिचे माहेर त्याच फाट्यावरचे. ती एवढेच म्हणाली, "संध्याकाळच्या पॅसेंजरनं जंक्शनला उतरून दुसरी गाडी मिळते, तुम्ही पहाटे पोचला असता. मला विचारायचं होतंत रे." तीन पुरुषांपैकी एकासही ती गाडी ठाऊक नव्हती. आम्ही वेळापत्रक पाहिले होते. पण जंक्शनचे पान उलटले नव्हते.

असो. व्हार्न्यास ही मंडळी तेरा दिवस वाट पाहतात, आणि गलबत धुक्यातून त्यांना चकवून गालात्झ बंदरी लागल्याची तार येते. सगळे सुन्न. प्रोफेसर विचारतात, गालात्झला पुढची गाडी केव्हा? पुरुषांपैकी कोणी तोंड उघडण्यापूर्वीच मीनाबाई सांगतात: उद्या सकाळी साडेसहाला. नवऱ्याच्या सोयीसाठी घरी गाड्यांच्या वेळा जुळवून ठेवण्याची त्यांना सवय. या मुलखात पुढे कोणत्या वाटेने जावे लागेल याचा अंदाज बांधून त्यांनी त्या गाड्याही आधीच पाठ करून ठेविल्या होत्या. गालात्झला गेल्यावरही पेटी सेरेत नदीने वर जाऊन बिस्त्रित्झा नदीत शिरेल, हा तर्क त्यांचाच. पुरुष दमून निजले असता त्यांनी तो मुद्देसूद लिहून काढला. त्याच बळावर कोणी वाफेच्या होडीने, कोणी घोड्यावर, कोणी गाडीने निघाले, आणि ६ नोव्हेंबरास सूर्य मावळता मावळता बोर्गो खिंडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी, पेटी गाठली. गळ्यावर फिरली ती कुकरी, आपल्याकडील गुरख्यांची. हृदयात शिरला तो एका अमेरिकन गृहस्थाचा सुरा.

ओरिएंट एक्सप्रेस पॅरिसहून इस्तंबूलपर्यंत सरळ जाणे १९७७ साली थांबले. त्या नावाची उरलीसुरली नित्याची गाडीही २००९ च्या डिसेंबरात बंद झाली.

निवाडा विचाराल तर तो आता आमच्या हाती उरला नाही. आजीबाईंना इंग्रजी येत नाही. म्हणून नात दररोज दुपारी, भांडी आवरल्यावर, त्यांना चार-पाच पाने मराठीत सांगते, आणि आमची धाकटी सूनही हातातील निवडणे घेऊन तेथे येऊन बसते. काल मंडळी व्हार्न्यास उतरली. साडेसहाच्या गाडीचे आम्ही अद्याप कोणास सांगितलेले नाही.