सव्वातीन फुटांवरची सुट्टी

फेब्रुवारी संपत आला की ऑफिसच्या लंच टेबलावर दोनच विषय उरतात. एक अप्रेझल आणि दुसरा 'यंदा मेमध्ये कुठे?' पहिल्याबद्दल सगळे दबक्या आवाजात बोलतात, दुसऱ्याबद्दल मोठ्याने. कुणाचं सिंगापूर बुक झालेलं असतं, कुणाचं काश्मीर, तर कुणी 'आमचं लडाख, बाय रोड!' म्हणत कॉलर ताठ करतं. आणि ज्यांच्या घरी तीन-चार वर्षांचं पिल्लू आहे, त्यांचं वाक्य ठरलेलं : "अरे, पिल्लूसाठी काहीतरी मेमोरेबल करायचंय यार!"

छानच. पण मेमोरेबल म्हणजे नक्की कुणाच्या मेमरीत?

प्रश्न खवचट वाटेल, पण विचारायलाच हवा. कारण बहुतेक मोठ्या माणसांना आपली पहिली आठवण विचारली, तर ती साधारण तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. त्याआधीची पाटी कोरी! अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातल्या पॅट्रिशिया बावर यांनी यावर बरंच काम केलंय. तीन वर्षांच्या मुलांना त्यांच्या आयांनी नुकत्याच घडलेल्या गोष्टींबद्दल बोलतं केलं, ते रेकॉर्ड केलं आणि मग काही वर्षांनी मुलांना पुन्हा त्याच गोष्टी विचारल्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त गोष्टी आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांची होईस्तोवर हा आकडा चाळीसच्या खाली आला. म्हणजे तुम्ही ईएमआयवर काढलेली ती ग्रँड ट्रिप पिल्लू दुसरीत जाईपर्यंत बरीचशी पुसट झालेली असणार. उरणार ते फोटो आणि 'तू तिथे किती रडला होतास माहितेय?' हे तुमचं पालुपद.

मग जायचंच कशाला? घरीच बसू की!

थांबा. जरा दुसरा हिशेब करून बघू. दोघंही नोकरीवाले असाल तर पोर सकाळी साडेआठला पाळणाघरात जातं आणि संध्याकाळी सातला परत येतं. मग जेवण, थोडी दंगामस्ती, गोष्ट, झोप. रविवारी किराणा, इस्त्रीचे कपडे, कुणाचं तरी बारसं. वर्षभरात आई आणि बाबा दोघंही एकाच वेळी, उठल्यापासून झोपेपर्यंत, फक्त आपल्याच वाट्याला आलेत असे सलग दिवस त्या पोराला किती मिळतात? मंजूर होणाऱ्या रजा धरल्या, तर पाच-सहा. हे जे पाच-सहा दिवस आहेत ना, खरी किंमत त्यांची आहे, पॅकेजची नाही. त्यामुळे ठिकाण निवडताना माझा पहिला प्रश्न असतो : हे ठिकाण त्या दिवसांतले किती तास स्वतःच खाऊन टाकणार?

सिंगापूरचंच घ्या. मुंबईहून विमानात साडेपाच तासांच्या आसपास. त्याआधी तीन तास एअरपोर्टवर, त्याआधी टॅक्सीत, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, मग हॉटेलचं चेक-इन. म्हणजे जायला एक दिवस आणि यायला एक. उरलेल्या चार दिवसांत पॅकेजवाला तुम्हाला नऊ 'पॉइंट' दाखवणार. थीम पार्कच्या बऱ्याच राइड्सना उंचीची अट असते आणि चार वर्षांचं मूल साधारण शंभर सेंटिमीटरचं, म्हणजे सव्वातीन फुटांचं. दोन तास रांगेत उभं राहून 'तुम नहीं बैठ सकते बेटा' ऐकायला एवढ्या लांब जायचं?

अर्थात सिंगापूर वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. १९९४ मध्ये सुरू झालेली तिथली नाइट सफारी तर लहान मुलांना मस्तच जमते. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे साडेसात वाजता अंधार पडलेला असतो, तेव्हा आपल्या पोराच्या पोटात जेमतेम पाच वाजलेले असतात. टक्क जागं! पण ही मजा पाच-सहा वर्षांच्या मुलाला जास्त पुरते, आणि तीही नऊ पॉइंटांतले सहा खोडून टाकण्याची हिंमत आई-बाबांत असेल तर.

लडाखवाल्यांसाठी मात्र स्पष्ट बोलते. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. अडीच हजारांच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, धडधाकट जिमवाल्यालासुद्धा. फरक इतकाच की जिमवाला म्हणतो, 'यार, डोकं ठणकतंय.' तीन वर्षांचं पोर ते सांगू शकत नाही. ते नुसतं किरकिर करतं, जेवायला नको म्हणतं, उलटी करतं, झोपत नाही. आणि आपण म्हणतो, हट्टीपणा करतोय. कशाला ही जोखीम? लडाख काही पळून जात नाही. पोराला दहावी होऊ द्या, मग बाइकवर मागे बसवून न्या.

मग कुठे? सव्वातीन फुटांवरून जग कसं दिसतं ते आधी बघू. तिथून 'व्ह्यू' दिसत नाही. दरी दिसत नाही, सूर्यास्त कंटाळवाणा वाटतो. दिसतात ती मुंग्यांची रांग, कुत्र्याचं शेपूट, लिफ्टची बटणं. माझ्या एका मैत्रिणीने लेकीला थेट दुबईला नेलं. परत आल्यावर आजीने विचारलं, काय काय पाहिलंस? तर कन्येने दोन्ही हात पसरून सांगितलं, "रस्ता आपोआप चालतो!" एअरपोर्टवरचा सरकता पट्टा हो! बुर्ज खलिफाचं नावही नाही. मैत्रीण खट्टू झाली, पण मला ती मुलगी फार हुशार वाटते.

म्हणून माझं पहिलं मत माथेरानला. हसू नका. 'माथेरान काय, ते तर आई-बाबा हनिमूनला गेले होते' हे मलाही माहितेय. पण चार वर्षांच्या मुलासाठी त्याचा बायोडेटा वाचा. मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात, गावात खासगी गाडी आणायला बंदी. म्हणजे दोन-तीन दिवस तुम्हाला 'हात धर, गाडी येतेय!' असं ओरडावं लागत नाही. पोर पुढे पळतं, लाल मातीत फतकल मारतं, दगड गोळा करतं, आणि तुम्ही मागून निवांत चालता. शहरातल्या मुलाला रस्त्यावर असं मोकाट सोडलंय कधी? शिवाय घोडे आहेत, माकडं आहेत (हातात खाऊ उघडा ठेवू नका, ती फार प्रोफेशनल आहेत). आणि झुकझुकगाडी! आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली ही रेल्वे १९०७ पासून नेरळहून वर चढतेय. दोन रुळांमध्ये अंतर फक्त दोन फूट, म्हणजे डबाही आपल्या पिल्लूच्याच साइजचा. वाटेत एकमेव बोगदा, त्याचं नाव 'वन किस टनेल', ज्याचा खुलासा पोराला कसा करायचा ते तुमचं तुम्ही बघा.

२०१९ च्या पावसात मार्ग खचल्यावर नेरळहून येणारी गाडी बंद पडली, ती २०२२ च्या ऑक्टोबरात परत सुरू झाली. पावसाळ्यात खालचा टप्पा बंदच असतो आणि अमन लॉज ते माथेरान एवढी शटल तेवढी चालते. निघण्याआधी चौकशी करून घ्या. माझं विचाराल तर, संपूर्ण प्रवासाला अडीच तासांहून जास्त लागतात आणि चार वर्षांच्या मुलाचा उत्साह चाळिसाव्या मिनिटाला संपतो. टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जा, पुढे शटलमध्ये बसा. ती वीसेक मिनिटं त्याला भरपूर 'ट्रेन' वाटते. हवं तर दिवसातून दोनदा बसवा. मोठ्यांना नवं काहीतरी हवं असतं, लहानांना 'पुन्हा!' हवं असतं. म्हणून एकच गाव, एकच खोली, रोज तीच टपरी. तिसऱ्या दिवशी पोर स्वतःच रस्ता दाखवायला लागतं, तेव्हा त्याचा रुबाब बघा.

टॅक्सीवरून आठवलं. गाडी लागणं हा दोन ते बारा वर्षांच्या मुलांचा खास आजार. कान सांगतो आपण हलतोय, डोळे मोबाइलच्या स्क्रीनवर खिळलेले, ते सांगतात आपण जागच्या जागी आहोत. मेंदू गोंधळतो आणि बाबांच्या नव्या शर्टाचं वाटोळं होतं. घाटात मोबाइल हातात देऊ नका, खिडकीबाहेर लांबवर बघायला सांगा, पोटभर दूध पाजून निघू नका.

दुसरं मत वेळासला, रत्नागिरी जिल्ह्यात बाणकोटच्या खाडीजवळ. हे मत पाच वर्षांच्या आसपासच्या मुलासाठी, कारण इथे वाट बघावी लागते. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने २००२ पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली. साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात पिल्लं बाहेर येतात. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. पिल्लं असली तर ती वाळूवर सोडतात आणि आपण दोरीच्या मागे उभं राहून बघायचं. जेमतेम दीड-दोन इंचांचा जीव, वल्ह्यासारखे हात मारत समुद्राकडे निघालेला. सव्वातीन फुटांवरून हा सिनेमा एकदम फ्रंट सीटवरून दिसतो. पिल्लं निघतीलच याची गॅरंटी कुणी देत नाही. दोन्ही वेळा टोपलीखाली वाळूच निघू शकते. हे पोराला निघण्याआधीच सांगून ठेवा, नाहीतर किनाऱ्यावर भोंगा ठरलेला. राहायला गावातली घरं, जेवायला घरचं. एसी आणि स्विमिंग पूल हवा असेल तर हे ठिकाण तुमचं नाही. पण 'काकू, याला जरा मऊ भात आणि तूप' असं सांगितलं की ते मिळतं, जे फाइव्ह स्टारच्या बुफेत छत्तीस पदार्थांतही सापडत नाही.

आता एक गोष्ट, जी ट्रॅव्हल एजंट तुम्हाला सांगणार नाही. मूल पहिलीत जाईपर्यंत तुम्हाला मेचं बंधन नाही! नर्सरी चार दिवस बुडाली तर त्याचं करिअर बुडत नाही. तरी आपण सवयीने मेमध्येच जातो, दीडपट पैसे भरून, त्याच गर्दीत. जानेवारीतला मंगळवार ते शुक्रवार घ्या. खोली स्वस्त, किनारा मोकळा आणि बॉसही क्वार्टर एंडला असतो तेवढा चिडलेला नसतो. रेल्वेत पाच वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच पूर्ण झाल्यावर बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं. विमानात दोन वर्षं पूर्ण झाली की सीटचे पैसे. हे दोन वाढदिवस कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवा.

आजी-आजोबांना न्यायचं का? न्या, जरूर न्या. पण फुकटची आया म्हणून नेणार असाल, तर त्यांना घरीच सुखाने राहू द्या. संध्याकाळी तुम्ही दोघं 'जरा जाऊन येतो' म्हणून सटकणार आणि सासूबाई खोलीत नातवाला भरवत बसणार, याला त्यांची सुट्टी म्हणत नाहीत. एक संध्याकाळ तुमची, एक त्यांची. निघण्याआधीच ठरवा.

आणि लॅपटॉप? 'फक्त एक कॉल आहे गं' म्हणून व्हरांड्यात हॉटस्पॉट शोधत फिरणारा बाबा (आणि आईसुद्धा, उगाच एकट्या बाबाला कशाला बोला!) आता सगळ्या रिसॉर्टवर दिसतो. पूर्ण बंद करणं जमत नसेल, हे मान्य. मग पोराच्या दुपारच्या झोपेचा एक तास कामाला द्या आणि टीमला तीच वेळ सांगून ठेवा. फोटोंचंही तसंच. ते वाळूचा किल्ला बांधून वर बघतं, तेव्हा त्याला तुमचा चेहरा दिसू दे की! फोनची पाठ ते रोजच बघतं.

परत कधी यायचं, तर रविवारी रात्री नाही, शनिवारी. एक दिवस घरात लोळायला ठेवा. बावरबाईंच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती : ज्या आया बोलताना मुलाला 'अजून सांग ना' म्हणत आणि गप्पांची दिशा त्यालाच ठरवू देत, त्यांच्या मुलांना पुढे जास्त आठवलं. तेव्हा पाहुण्यांसमोर 'सांग बघू, काय काय पाहिलंस?' अशी तोंडी परीक्षा घेऊ नका. रविवारी सकाळी त्याने गोळा केलेले शिंपले जमिनीवर पसरा आणि हा कुठला, तो कुठला, ते त्यालाच सांगू दे. चुकीचं सांगेल, तीनशे कासवं पाहिली म्हणेल. म्हणू दे. मात्र शिंपले डब्यात भरण्याआधी गरम पाण्यातून काढून उन्हात नीट वाळवा, आतला किडा मेलेला असला तर चार दिवसांत घरभर वास सुटतो.