आरए आला, पण पार्ट कुठाय?

आपल्या डिपार्टमेंटच्या लायब्ररीत मागच्या बॅचेसचे प्रोजेक्ट रिपोर्ट काळ्या बाइंडिंगमध्ये ओळीने उभे आहेत. त्यातले इन्क्रिमेंटल शीट फॉर्मिंगवरचे जेवढे सापडले तेवढे मी या सेमिस्टरला काढून वाचले. मशीन आपल्याच वर्कशॉपचं, पत्रा १ मिलिमीटरचा ॲल्युमिनिअमचा, आकार कोनाचा (म्हणजे आइस्क्रीमवाला कोन, भूमितीतला नव्हे!), टूल १० मिलिमीटरचं. आणि निष्कर्ष? स्टेप डेप्थ हा सर्वांत प्रभावी पॅरामीटर, सर्वांत लहान स्टेप घेतली की क्वालिटी सर्वांत चांगली. प्रत्येकाचा हाच! माझं म्हणणं असं की हे उत्तर मशीन सुरू करायच्या आधीच कागदावर काढता येतं, आणि ज्याला आपण क्वालिटी म्हणतोय तो तिचा एक छोटासा कोपरा आहे.

ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रेसवर पत्र्याला आकार द्यायचा तर डाय आणि पंच लागतात, आणि दहा-वीस नगांसाठी डाय बनवणं कुणालाच परवडत नाही. इथे डाय नाही. पत्रा चारी बाजूंनी फ्रेममध्ये आवळायचा, व्हीएमसीच्या स्पिंडलमध्ये गोल टोकाची दांडी बसवायची आणि ती थराथराने खाली उतरवत पत्र्यावरून फिरवायची. एडवर्ड लेझॅक यांना अमेरिकेत १९६७ साली याचं पेटंट मिळालं, पण सीएनसी मशीन सगळीकडे पोहोचेपर्यंत ते तसंच पडून राहिल्यासारखं होतं. आता २०१३ मध्ये फोर्डने आणि २०१९ मध्ये निस्सानने पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी टूल चालवून बॉडीचे भाग काढून दाखवले. निस्सानचा रोख तर बंद पडलेल्या जुन्या गाड्यांच्या स्पेअर पार्टवरच होता.

खरं तर पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत मठारकाम बघितलं की ही कल्पना फार परकी वाटत नाही. एकेका ठोक्याने इवलीशी जागा दबते, ठोक्याशेजारी ठोका पडतो आणि त्यातूनच भांड्याला कडकपणा येतो. ठोके विरळ पडले तर भांडं खडबडीत दिसणार, हे तांबटाला सांगायला टागुची लागत नाही! असो.

आता तो कागदावरचा हिशोब. टूलच्या दोन फेऱ्यांमध्ये पत्र्यावर एक बारीक कंगोरा उरतो. त्याची उंची काढायची तर भिंतीवर मोजलेल्या दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा वर्ग घ्यायचा आणि त्याला टूलच्या त्रिज्येच्या आठपटीने भागायचं. भिंत ४५ अंशांची, टूलची त्रिज्या ५ मिलिमीटर आणि स्टेप १ मिलिमीटर धरली तर कंगोरा येतो ५० मायक्रॉनचा. स्टेप अर्धी केली की १२.५ मायक्रॉन. म्हणजे स्टेप निम्मी, कंगोरा पाव. प्रत्यक्षात पत्रा थोडा परत उसळतो, ऑइल असतं, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. पण जिथे वर्गाचा संबंध आहे तिथे स्टेप डेप्थ पहिली येणार हे सांगायला नऊ प्रयोग कशाला हवेत?

बरं, लहान स्टेपची किंमत वेळेत मोजावी लागते. तोंडाशी १०० मिलिमीटर व्यासाचा, ४० मिलिमीटर खोल, ४५ अंशांचा कोन घ्या. स्टेप अर्धा मिलिमीटर असेल तर टूल साधारण १५ मीटर चालतं. मिनिटाला १५०० मिलिमीटर फीडने दहा मिनिटं. स्टेप ०.१ केली की तेच काम पन्नास मिनिटांवर जातं. रिपोर्टमध्ये 'ऑप्टिमम' म्हणून नेहमी टेबलातली सर्वांत लहान स्टेप येते आणि वेळेचा रकानाच नसतो. मला विचाराल तर हा ऑप्टिमम नाही, ती फक्त आपण निवडलेल्या टेबलाची कड आहे. ०.२ च्या खाली ०.१ ठेवला असता तर तोच 'ऑप्टिमम' ठरला असता.

आरए मोजण्याचीही एक गंमत आहे. टूल ज्या दिशेने फिरलं त्याच दिशेने रफनेस टेस्टर चालवला तर कंगोरे त्याच्या वाटेत येतच नाहीत आणि आकडा सुंदर येतो. आडवा चालवला की खरं चित्र दिसतं. मी वाचलेल्या बऱ्याच रिपोर्टांत कोणत्या दिशेने मोजलं याचा उल्लेखच नाही.

पण माझी खरी तक्रार जाडीबद्दल आहे. पत्र्याची जाडी कुठे जाते? ढोबळ नियम सोपा आहे : मूळ जाडीला भिंतीच्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं. आडव्यापासून ४५ अंशांची भिंत असेल तर १ मिलिमीटरचा पत्रा ०.७१ उरतो, ६० अंशांना अर्धा, ७० अंशांना जेमतेम ०.३४. यात फीड नाही, आरपीएम नाही, स्टेपही नाही! म्हणजे पार्ट टिकणार की फाटणार याचा मोठा भाग ड्रॉइंगवर कोन ठरला तेव्हाच ठरून गेला, मशीनवरच्या बटणांचा नंबर नंतर लागतो. त्यातही कोनाच्या तोंडाच्या जरा खाली एक पट्टा असा असतो की तिथे जाडी या नियमापेक्षाही कमी होते. तो पट्टा बाहेरून दिसत नाही. पीस मधोमध कापल्याशिवाय कळतच नाही, आणि आपल्याकडे पीस कापायला सगळ्यांचा जीव वर-खाली होतो, कारण प्रदर्शनात टेबलावर चकचकीत कोन ठेवायचा असतो ना.

दुसरी गोष्ट आकाराची. फ्रेमचे बोल्ट सैल केले की पत्रा उसळतो, तळ मधून उशीसारखा फुगतो, आणि तोंडाशी खाली आधार नसल्याने जिथे कडक कोपरा हवा तिथे गोलाई येते. काही दुरुस्ती न करता एकाच टूलने काढलेला पार्ट एक-दोन मिलिमीटर सहज चुकतो, आणि जोडणीत बसणाऱ्या भागाला अर्धा मिलिमीटरसुद्धा जड जातो. यावर बॅकिंग प्लेट लावणं आणि मोजलेली चूक उलट धरून टूलपाथ बदलणं हे उपाय आहेत. आपल्या चार पॅरामीटरच्या यादीत ते कधीच नसतात. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात या पद्धतीने कवटीच्या प्लेट बनवण्याचे प्रयोग झाले. तिथे आरए कितीही गोड आला तरी प्लेट हाडावर बसली नाही तर तिचं काय करायचं?

स्पिंडल स्पीडचं तर विचारूच नका. १००० घ्या, १५०० घ्या, २००० घ्या, असं टेबल भरलेलं असतं. खरा प्रश्न टूल पत्र्यावर लोळतंय की घासतंय हा आहे. वरच्याच उदाहरणात, ४५ अंशांच्या भिंतीवर १५०० फीडला टूल न घासता लोळायचं असेल तर साधारण ६८ आरपीएम पुरतात. २००० वर ते नुसतं घासतं, उष्णता वाढते, ऑइल हटतं आणि ॲल्युमिनिअम टूलला चिकटायला लागतं. काही कठीण मिश्रधातूंना ही उष्णता मुद्दाम दिली जाते, ते वेगळं. मुद्दा असा की आरपीएमचा परिणाम फीडवर अवलंबून आहे आणि एल-नाइन टेबलात असले परस्परसंबंध मुख्य रकान्यांतच मिसळून जातात. शिवाय नऊ प्रयोगांत आठच डिग्रीज ऑफ फ्रीडम. तीन-तीन लेव्हलचे चार पॅरामीटर त्या सगळ्या खाऊन टाकतात. प्रत्येक सेटिंगवर एकच पीस केला तर एररसाठी काहीच उरत नाही. मग सर्वांत दुबळा रकाना उचलून त्यालाच एरर म्हणायचं आणि ॲनोव्हा छापायचा. हे मला पटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं बोलतोस, पण आपल्याकडे थ्री-डी स्कॅनर कुठाय? नकोच आहे. टागुची टेबलच हवं असेल तर दोन पॅरामीटर कमी करा आणि प्रत्येक सेटिंगवर तीन पीस काढा. पत्रा स्वस्त आहे, मशीनचा वेळ मागून मिळतो. तीनपैकी एक पीस हॅकसॉने उभा कापा, कडा घासून घ्या आणि तोंडापासून तळापर्यंत दर ५ मिलिमीटरला जाडी मोजा. साधा सपाट टोकांचा मायक्रोमीटर आतल्या वक्र बाजूला नीट टेकत नाही आणि जाडी जास्त दाखवतो. बॉल-एंडचा हवा, मेट्रॉलॉजी लॅबमध्ये चौकशी करा.

आकारासाठी मशीनच वापरा. काम संपलं की पीस न हलवता टूल काढून स्पिंडलमध्ये डायल इंडिकेटर धरा. आतल्या बाजूने एका रेषेत दहा-बारा ठिकाणी रीडिंग घ्या. मग फ्रेमचे सगळे बोल्ट सैल करा आणि त्याच जागी पुन्हा घ्या. दोन रीडिंगमधला फरक म्हणजे पत्रा किती उसळला ते, आणि प्रोग्राममधल्या आकाराशी तुलना केली की एकूण चूक. अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त डायलचा झिरो मशीनच्या टेबलावर घ्या, फ्रेमच्या वरच्या पट्टीवर नको. बोल्ट सैल केले की तीही हलते.