सागरी नकाशाचे वाचन : मच्छीमारांस अगत्याचे शिक्षण

सन २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. हा निर्णय केवळ सवलतींपुरता मर्यादित समजणे योग्य होणार नाही. शेतकऱ्यास माती परीक्षणाचे महत्त्व पटवून देण्यासाठी ग्राम कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे परिश्रम घेतले. तसेच परिश्रम आता मच्छीमार बांधवांस सागरी नकाशा वाचावयास शिकविण्यासाठी घेतले पाहिजेत. जमिनीप्रमाणे समुद्राच्या तळालाही चढउतार आणि पोत असतो, व मासळी कोठे मिळेल हे पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते.

देहरादून येथील नौदलाचे जलसर्वेक्षण कार्यालय आपल्या किनाऱ्याचे नकाशे प्रसिद्ध करते. त्यांवरील लहान लहान आकडे ओहोटीच्या नीचतम पातळीपासून मोजलेली खोली दर्शवितात. आकडे मीटरमध्ये आहेत की वावांमध्ये, हे प्रथम पाहावे. एक वाव म्हणजे ६ फूट. म्हणून २० मीटर खोली ही सुमारे ११ वावच भरते. समान खोलीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा जेथे दूर दूर असतात तेथे तळ सपाट असतो, व जेथे त्या एकमेकींस बिलगतात तेथे तीव्र उतार असतो. चिखल, वाळू, खडक व प्रवाळ यांसाठी इंग्रजी आद्याक्षरे दिलेली असतात. चिखलाच्या सपाट तळावर कोळंबीची आशा धरावी; खडकाळ जागी तांबोशी व हेकरू गळास लागतात, पण ओढीचे जाळे तेथे फाटते.

विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर असलेला आंग्रिया बँक हा उंचवटा याचे उत्तम उदाहरण होय. कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारे हे पठार सुमारे ४० किलोमीटर लांब असून त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे. अशा उंचवट्यावर आदळून खालचे पोषक द्रव्यांनी युक्त पाणी वर येते, त्यावर प्लवक वाढतात, त्यांमागे लहान मासे व लहानांमागे मोठे मासे येतात. हा कार्यकारणभाव ज्याने जाणला, त्यास नकाशावरील प्रत्येक उताराचा अर्थ कळू लागतो.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान व हरितद्रव्य पाहून मासळीच्या संभाव्य जागा कळविते. सूचनेत बंदरापासून दिशा, अंतर, खोली, अक्षांश व रेखांश दिलेले असतात. परंतु आकडे हाती येणे निराळे व ते समजणे निराळे. १६ अंश ३० मिनिटे हे स्थान यंत्रात १६.३० अंश असे भरले, तर नौका १६ अंश १८ मिनिटांवर जाईल. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १८५२ मीटर. म्हणजे ही चूक १२ सागरी मैलांची, सुमारे २२ किलोमीटरची झाली! तेवढे डिझेल व्यर्थ जळते, आणि वादळाची सूचना आलेल्या दिवशी ही चूक खलाशांच्या जिवावरही बेतू शकते.

जुने तांडेल नकाशावाचून मासे धरीत आले, मग आताच ही विद्या कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. डोंगराचे शिखर व देवळाचा कळस एका रेषेत धरून जागा ओळखण्याची त्यांची पद्धत अचूक होती. शिशाच्या वजनास चरबी लावून तळाची माती वर आणून पाहणे हेही शास्त्रच होते. परंतु किनारा दिसेनासा झाल्यावर या खुणा उपयोगी पडत नाहीत. शिवाय हे ज्ञान लिहून न ठेवल्यास तांडेलाबरोबरच लुप्त होते. वृद्ध तांडेलास शेजारी बसवून त्याच्या जागा नकाशावर नोंदविणे हे नव्या शिक्षणाचे पहिलेच काम असावे.

नकाशा मासळीची हमी देत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रवाह व ऋतू पालटतात; आकाश ढगाळलेले असता उपग्रहाची दृष्टी खुंटते. शिवाय जागा सर्वांस कळली म्हणजे तिचा उपसाही वाढतो. प्रवाळावर ओढीचे जाळे फिरविणे म्हणजे बियाण्याची कणगीच रिकामी करणे होय. १ जून ते ३१ जुलै हा बंदीकाळ पाळणे जितके अगत्याचे, तितकेच अशा जागा राखणेही अगत्याचे आहे.

यासाठी मोठा खर्च नको. बंदीकाळात नौका किनाऱ्यावर असतात व तांडेलांस सवड असते. त्या दिवसांत प्रत्येक मच्छीमार संस्थेने एक नकाशा भिंतीवर लावावा आणि ग्राम कार्यकर्त्याने आठवड्यातून एक संध्याकाळ तरुण खलाशांस तो वाचावयास शिकवावा. ऑगस्टमध्ये नौका पुन्हा पाण्यात लोटल्या जातील, तेव्हा या शिक्षणाचे मोल डिझेलच्या हिशेबात दिसू लागेल.