रिफ्रेशर कोणाच्या खर्चाने?

ज्यांचे गाव दापोली, खेड, गुहागर किंवा रत्नागिरीकडे आहे, त्यांच्या वाडीत एखादा तरी बोटीवर जाणारा माणूस असतोच. गोव्यात त्याला तारवटी म्हणतात. बोटीवरून उतरताना पेटी घेऊन येतो, घराला रंग लावतो, बहिणीचे लग्न करतो, हे सर्वांना दिसते. मात्र पुन्हा बोटीवर चढण्यापूर्वी त्याला किती कोर्स करावे लागतात आणि त्याचे पैसे कोण भरतो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. रेल्वे व टपाल कामगारांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी असे आम्हास वाटते. कारण तीच पाळी उद्या आपल्यावर येऊ शकते.

जहाजावरील कामगारांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार 1978 साली झाला. 1995 साली त्यात मोठी सुधारणा झाली व 2010 साली मनिला येथे पुन्हा एकदा झाली. पाण्यात जीव वाचविणे, आग विझविणे, प्रथमोपचार आणि जहाजावर सुरक्षित वागण्याचे नियम या चार गोष्टी शिकल्याखेरीज बोटीवर पाऊल ठेवता येत नाही. मनिलाच्या दुरुस्तीनंतर जीवरक्षण व अग्निशमन यांचे ज्ञान ताजे असल्याचा पुरावा दर पाच वर्षांनी द्यावा लागतो. त्यातला काही भाग जहाजावरच्या कवायतीत होतो. बाकीचा किनाऱ्यावर, प्रशिक्षण संस्थेच्या टाकीत उडी मारून आणि धुराच्या खोलीत शिरून करावा लागतो.

हा नियम चांगला आहे, त्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. समुद्रात आग लागली तर बंब येत नाही. जे आहेत त्यांनीच ती विझवायची असते. पाच वर्षांपूर्वी शिकलेले हात ऐनवेळी अडखळतात, आणि अशा वेळी अडखळणे म्हणजे मरण.

आमचे म्हणणे खर्चाबद्दल आहे. बहुतेक खलाशांचा करार संपला की पगार थांबतो. नेमक्या त्याच बिनपगारी दिवसांत कोर्स करायचा, फी भरायची, मुंबईत राहण्याजेवण्याची सोय पाहायची. काही कंपन्या खर्च परत देतात, सर्व देत नाहीत. भारताने 2015 साली सागरी कामगार करार मान्य केला. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेऊ नयेत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. वैद्यकीय दाखला, खलाशाचे सरकारी पुस्तक व पासपोर्ट एवढाच खर्च त्याच्यावर टाकता येतो. पण प्रशिक्षणाच्या फीबद्दल तेथे तितकी स्पष्ट भाषा नाही. एवढी फट मालकाला पुरते. गोव्यात चिखली येथे खलाशांच्या संघटनेनेच स्वतःची अकादमी चालविली आहे, हे तिचे कौतुकच. परंतु जे काम मालकाचे, ते संघटनेला का करावे लागते, हा प्रश्न उरतोच.

आता किनाऱ्यावरच्या लोकांकडे वळू. 6 मार्च 1987 रोजी बेल्जियममधील झीब्रुग बंदराबाहेर 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही प्रवासी बोट पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली आणि उलटली. 193 माणसे गेली. दरवाजा बंद करणारा कामगार झोपून राहिला होता, एवढ्यावर प्रकरण मिटले असते. परंतु चौकशीत वेगळेच निघाले. दरवाजे बंद आहेत की नाहीत हे कप्तानाला कळावे म्हणून दिवा बसवा, असे बोटीवरच्या माणसांनी आधीच सुचविले होते व कचेरीतल्या साहेबांनी ते उडवून लावले होते. त्यानंतर सुरक्षा व्यवस्थापनाचा आंतरराष्ट्रीय नियम आला आणि 1 जुलै 1998 पासून तो लागू होऊ लागला. जहाजाची सुरक्षितता पाहणारा एक ठराविक माणूस कचेरीत हवा व त्याला थेट वरिष्ठांपर्यंत जाता आले पाहिजे, असे त्यात आहे. धोकादायक माल हाताळणाऱ्या किनाऱ्यावरील कामगारांनाही शिकविणे 2010 पासून बंधनकारक झाले.

मुंबईला हे निराळे सांगायला नको. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' ही बोट उभी होती. तिच्यात सुमारे 1400 टन स्फोटके होती आणि त्यांच्या जोडीला कापसाच्या गासड्या. दुपारी कापसातून धूर निघाला. पुढचे सुमारे दोन तास कप्तान, गोदीचे अधिकारी, अग्निशमन दल आणि लष्करी जाणकार तेथेच होते. बोट जागीच बुडवायची की बाहेर न्यायची, हा हुकूम मात्र कोणी दिला नाही. चारनंतर स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, गोदीतली व आसपासची शेकडो माणसे गेली. धाडस कमी पडले नव्हते. अशा वेळी कोणी काय करायचे, हे आधी ठरवून सर्वांना एकत्र शिकविलेले नव्हते.

रेल्वेत याहून वेगळे काय आहे? 2 जून 2023 रोजी बालेश्वरजवळ बहानगा बाजार येथे 290 हून अधिक प्रवासी गेले. ड्रायव्हरला हिरवा सिग्नल होता. दोष निघाला सिग्नलच्या तारांच्या जोडणीत, म्हणजे इंजिनावर नसलेल्या हातांत. तेव्हा रिफ्रेशर फक्त रनिंग स्टाफचा, ही समजूत सोडली पाहिजे.

आपल्याकडे भुसावळला किंवा बडोद्याच्या पोस्टल ट्रेनिंग सेंटरला गेलो तर पगार चालू राहतो. प्रशिक्षण हे काम आहे, हे तत्त्व आपल्याला मिळालेले आहे. ते दोन बाजूंनी पोखरले जाते. एक, रिलीव्हर नाही म्हणून मुदत संपली तरी माणसाला सोडत नाहीत, आणि अपघात झाला की त्याचाच कागद काढून विचारतात, रिफ्रेशर का झाला नाही? दुसरी बाजू नवी आहे. टपाल खात्याने 2022 साली 'डाक कर्मयोगी' पोर्टल सुरू केले. शिकणे सोपे होत असेल तर स्वागतच आहे. पण दिवसभर टपाल वाटून आलेल्या ग्रामीण डाक सेवकाने रात्री घरी, स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या रिचार्जने धडे पुरे करायचे असतील, तर तो खलाशाच्याच रांगेत उभा राहिला असे समजावे.

म्हणून शाखा सचिवांना आमची विनंती आहे. पुढच्या बैठकीत दोन याद्या करा. मुदत संपूनही रिफ्रेशरला न सोडलेल्यांची एक, आणि ड्युटीबाहेर प्रशिक्षण पुरे करावे लागलेल्यांची दुसरी. नाव, हुद्दा, तारीख लिहा. दोन्ही याद्या विभागीय सचिवांकडे पाठवा आणि प्रशासनाबरोबरच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घालून घ्या.